आदी बोट, मगे पानो

मेस्त्री कुठल्याही गाडीचं बॉनेट थेट उघडत नसत. आधी डोक्यावरची निळी कापडी टोपी काढून गाडीच्या टपावर ठेवत, उजवा तळवा बॉनेटवर टेकवत, डोळे मिटत आणि देवळात उभे असल्यासारखे खणखणीत आवाजात सुरू होत, "बा देवा म्हाराजा..." आणि थांबत. एक डोळा किलकिला करून गाडीच्या मालकाकडे बघत.

"होय म्हाराजा म्हणा बाईनू. तुमी म्हटल्याशिवाय मी बॉनेट उघडूचंय नाय."

मी पहिल्यांदा हसले होते. मी घाटावरची, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. मालवण-कसाल रस्त्यावरच्या या गावात बदली होऊन आले तेव्हा गाऱ्हाणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. एक जण देवाला मोठ्याने आपली अडचण सांगतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणत दुजोरा देतात, एवढं पुढे कळलं. लग्नात, देवळात, शेतात नांगर धरताना गाऱ्हाणं घालतात हेही कळलं. पण क्लच प्लेटसाठी देवाला हाक मारणारा माणूस मी हाच एक पाहिला. घसा खाकरून मी कसंबसं "होय महाराजा" म्हटलं.

"महाराजा नाय, म्हाराजा. देवाक तुमची पुस्तकी भाषा कळता, पण माका पुढे सुचना नाय."

मग पुढचं एका दमात होई. "बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा... आज ह्या बाईंनी आपली गाडी तुझ्या पायाशी आणून उभी केल्यानी हा. ती खंयसर गळता, खंयसर वाजता, ता माझ्या नजरेक पडांदे. जा काय वाकडा आसात ता सरळ करून दी. आणि येता-जाता तिची राखण कर म्हाराजा!" प्रत्येक वाक्यामागे माझा 'होय म्हाराजा' आणि शेवटचा जरा जोरात. मग टोपी पुन्हा डोक्यावर जाई आणि काम सुरू होई.

तुमच्याही आळीत असं कोणीतरी असणार. ज्याचं दुकान नाही, पाटी नाही, पण अडलं की ज्याच्या दारात माणसं जाऊन उभी राहतात. मेस्त्रींचं घर माझ्या घराला लागून, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. उभी हयात त्यांनी डेपोत बसगाड्यांच्या पोटाखाली काढली होती. निवृत्त झाल्यावर गॅरेज काढायचा सल्ला पुष्कळांनी दिला, तो त्यांनी ऐकला नाही. ते लोकांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन गाडी दुरुस्त करत. "आजाऱ्याक आपल्या घरातच बरा वाटता," म्हणत. खळ्यात गाडीखाली पसरायला गोणपाट, पाने ठेवायला जुना डालडाचा डबा आणि प्यायला तीन चमचे साखरेचा चहा एवढं असलं की त्यांना चौथं काही लागत नसे. साखर दोन चमचे पडली तर कप तसाच खाली ठेवत आणि मान तिरकी करून म्हणत, "साखर महाग झाली वाटता."

एकदा चतुर्थीला मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांची नवीकोरी गाडी गावात येऊन बंद पडली. मेस्त्रींना बोलावलं. टोपी टपावर गेली, तळवा बॉनेटवर गेला, "बा देवा म्हाराजा" झालं आणि गृहस्थ गप्प. त्यांना ते कमीपणाचं वाटत होतं. मेस्त्रींनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि ओसरीवर जाऊन चहा मागितला. अर्ध्या तासाने गृहस्थ वरमले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मेस्त्री म्हणाले, "जोरान म्हणा. देव बहिरो नाय, पण मी आसंय." सगळं खळं हसलं, गृहस्थही हसले. गाडी दहा मिनिटांत चालू झाली, एक वायर सुटली होती.

मासळीचा टेम्पो चालवणारे एक चाचा बंदराकडून त्यांच्याकडे येत. मेस्त्री गाऱ्हाणं घालत आणि प्रत्येक वाक्याला चाचा 'आमीन' म्हणत. मी एकदा मेस्त्रींना विचारलं की हे चालतं का. ते म्हणाले, "चलता तर! पोचाचा ता बराबर पोचता." चाचा जाताना मेस्त्रींच्या बायकोच्या, आमच्या काकींच्या, हातात दोन बांगडे ठेवून जात आणि त्या रात्री मेस्त्रींच्या घरून तिखल्याचा वास गडगा ओलांडून माझ्याकडे येई.

गाऱ्हाण्याबद्दल मात्र त्यांचा एक नियम कडक होता. एकदा मी गंमतीने म्हटलं, "मेस्त्री, देवाला सांगा, बाई गाडी अगदी हळू चालवतात." त्यांनी डोळे उघडले. "गाऱ्हाण्यात खोटा बोलूचा नाय, बाईनू. भायेर काय ता बोला. हयसर नाय." मी गाडी हळू चालवत नसे हे त्यांना माझ्या ब्रेकच्या पट्ट्यांवरून माहीत होतं.

दुसरा नियम हाताचा. नट कुठलाही असो, पाना आधी लावायचा नाही. दोन बोटांनी नट धरायचा, पहिल्यांदा उलटा फिरवायचा, अगदी सावकाश. नटाचा आटा आतल्या आट्याला भेटला की बोटांना बारीकसा धक्का बसतो, टक असा. मग सुलटा फिरवायचा. दोन-तीन फेरे बोटांनी मऊ गेले तरच पाना. "आदी बोट, मगे पानो," हे ते दिवसातून चार वेळा म्हणत, कधी आमच्यासाठी, कधी स्वतःशीच. "पान्याक जोर आसा, अक्कल नाय. तो वाकडो नटय घट्ट करता." डेपोतल्या इतक्या वर्षांत आपल्या हातून एक आटा मारला गेला नाही, वाकडा आवळून झिजला नाही, हे सांगताना त्यांची मान ताठ होत असे. या माणसाला बाकी कशाचाच गर्व नव्हता.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हाती आलेली. एका पावसाळ्यानंतर तिचं स्टेअरिंग जड झालं आणि वळणावर ती कण्हू लागली. कसालच्या नाक्यावर वळताना तर बाजूने जाणारी माणसं माना वळवून बघत. मेस्त्रींनी एक पुठ्ठा आणून गाडीखाली सरकवला आणि गेले. ही त्यांची तपासणीची पद्धत. सकाळी येऊन पुठ्ठा बाहेर ओढला की त्यावरचे डाग बघून ते निदान करत. काळा डाग इंजिनाच्या तेलाचा, हिरवा रेडिएटरच्या पाण्याचा. या वेळी डाग लालसर होता.

त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. पुन्हा चोळलं. मग बोट नाकाशी नेलं. इतकी वर्षं पाहत होते, पण थेंब ओळखायला त्यांनी नाक वापरलेलं मी प्रथमच पाहिलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. "स्टेअरिंगचा तेल," ते म्हणाले. "होज पाइप गेले. दोनय बदलूया. खाऱ्या हवेत रबर टिकना नाय."

गाडी वळवायला हाताला जी मदत मिळते ती या पाइपांतून येते. एक पंप तेल दाबतो, जाड पाइप ते चाकांकडे नेतो, दुसरा साधा रबरी पाइप ते परत आणतो. द्रवाचा दाब सगळ्या दिशांना सारखा असतो हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, पण तो माझ्याच गाडीत रोज माझ्या मनगटांना मदत करतो हे मला मेस्त्रींनी सांगितलं. कुडाळच्या एका दुकानातून मी जुन्या पाइपांच्या मापाचे नवे पाइप आणले. मापं मी स्वतः ताडून पाहिली होती.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर काम काढलं. गाऱ्हाणं झालं. जॅक लावून पुढची चाकं उचलली. खाली टेकू द्यायला मी गडग्यावरचा एक सुटा चिरा उचलून आणला तर मेस्त्री ओरडलेच. "तो नको! चिरो न सांगता फुटता. लाकूड आणा. लाकूड आदी आरडता, मगे मोडता." फणसाचे दोन ओंडके आले आणि त्यांवर गाडी बसली.

जुने पाइप निघाले, तेल परातीत उतरलं, परतीचा पाइप क्लिप लावून बसला. आता जाड पाइप. त्याचा नट पंपाच्या मागे, अडचणीत, जिथे डोळा पोचत नाही. सगळं बोटांवर. मेस्त्री ओणवे झाले, हात खांद्यापर्यंत आत. मी बॅटरी धरून उभी होते. ते नट फिरवत होते, थांबत होते, पुन्हा फिरवत होते. कपाळावर घाम आला होता. खूप वेळाने म्हणाले, "लागलो." आणि पाना मागितला. मला आठवतंय, 'लागलो' म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

तेल भरलं. इंजिन न लावता मी स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिले. तेलाच्या डबीतले बुडबुडे वर आले, तेल खाली गेलं, पुन्हा भरलं. मग इंजिन चालू केलं. पाच-सात मिनिटं सगळं ठीक चाललं. मी स्टेअरिंग एका टोकापर्यंत नेलं तशी पंपाच्या मागून तेलाची चिळकांडी उडाली. बॉनेट, मेस्त्रींचा सदरा, खळ्याची सारवण, सगळं लाल.

"बंद करा!"

मी बंद करून खाली उतरले. मेस्त्रींनी हात आत घातला होता आणि ते नट चाचपत होते. त्यांची बोटं शेजारच्या सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर टेकली होती. टेकली होती आणि तिथेच होती. मला आधी वास आला. मी किंचाळले, त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. दोन बोटांची कातडी पांढरी पडली होती. मेस्त्री त्या बोटांकडे असे बघत होते की जणू ती दुसऱ्याच कोणाची आहेत.

"काय नाय. तेल लागला," ते म्हणाले. पाने डब्यात टाकले आणि गडग्याच्या खिंडीतून घरी निघून गेले. टोपी टपावर राहिली. ती टोपी ते कधी विसरत नसत.

संध्याकाळी गडग्यापलीकडून काकी म्हणाल्या, "दुकानदारान म्हणे पाइप चुकीचो दिल्यान. आणि ह्यांचा बोट खंय तरी भाजला. विचारला तर तोंड फिरवतत."

काकी आत गेल्यावर बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. पाइप बरोबर होता. नट तिरका बसला होता आणि पान्याने तसाच आवळला गेला होता. आटे मारले गेले होते. मेस्त्रींच्या हातून आटा मारला गेला होता आणि त्यांनी तो दुसऱ्याच्या माथी मारला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पुढचे आठ दिवस गाडी ओंडक्यांवर उभी. मी बसने शाळेत जात होते. सहकारी म्हणाले, कसालला दुसरा मेकॅनिक आहे, एका तासात करून देईल. देईल ना, मलाही माहीत होतं. पण तो हात घालताच ओळखणार की आटे कोणी मारले, आणि दुपारपर्यंत ते अख्ख्या बाजारात होणार. "मेस्त्रींचो हात गेलो." ते मला नको होतं. मी शाळेत सांगितलं की गाडी आजारी आहे. कुडाळला जाऊन गुपचूप दुसरा तसाच पाइप आणला आणि माळ्यावर ठेवून दिला. मेस्त्री गडग्याकडे फिरकतच नव्हते. सकाळी मी केस विंचरताना खिडकीतून दिसत. ओसरीवर बसून सदऱ्याचं बटण लावायचा प्रयत्न करत असत. बटण सुटे, पुन्हा धरत. काकी आतून आल्या की हात खाली घेत. एका साध्या बटणाला त्यांना तेव्हा किती वेळ लागे ते मी रोज पाहत होते, आणि मला कळून चुकलं होतं.

रविवारी सकाळी मी टोपी घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. "मेस्त्री, तुमची टोपी. गाडी ओंडक्यांवर आहे. मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

ते टोपीकडे बघत राहिले. "मगे ती थयच कुजतली."

"कुजू दे."

बऱ्याच वेळाने उठले. माझ्या मागोमाग खळ्यात आले. टोपी टपावर ठेवली. तळवा बॉनेटवर ठेवला, बोटांना काकींनी बांधलेली चिंधी. पलीकडे काकी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"ह्या बाईंची गाडी आठ दिस लाकडार उभी आसा म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"मी सांगलंय, दुकानदारान चुकीचो पाइप दिल्यान. ता खोटा, म्हाराजा. पाइप बरो होतो. नट मी वाकडो बसवलंय..."

मी त्यांना थांबवणार होते. पण गाऱ्हाण्याला दुजोरा देणाऱ्याने मध्ये दुसरं काही बोलायचं नसतं. 'असू द्या' म्हणायचं नसतं, धीर द्यायचा नसतो. मी म्हटलं, "होय म्हाराजा."

"माझ्या बोटांका कळना नाय म्हाराजा. वरस झाला. गरम कळना नाय, थंड कळना नाय. आटो लागलो काय नाय ता कळना नाय. मी कोणाक सांगूक नाय. डागदराक सांगूक नाय. बायलेक सांगूक नाय. माका भय वाटला म्हाराजा. पानो हातातसून गेलो तर मी कोण?"

"होय... म्हाराजा."

"जा काय चुकला ता माफ कर. आणि जा वाकडा झाला हा ता सरळ करूक ह्या बाईंच्या बोटांका बुद्धी दी म्हाराजा!"

शेवटचा 'होय म्हाराजा' मी काढला, पण तो जोरात निघाला नाही. गडग्यापलीकडे काकींचा हात दोरीवर तसाच थांबला होता, धोतराचा पिळा अर्धा उलगडलेला. मग त्या धोतर टाकून आत गेल्या.

मेस्त्रींनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाळू दिलं. "आता तुमची बोटां द्या," म्हणाले.

पंपाचे आटे नशिबाने शाबूत होते, नवा नट तेवढा वाया गेला होता. "दुसरो पाइप हाडूक होयो," असं त्यांनी म्हणताच मी माळ्यावरून काढून आणला. कधी आणला हे त्यांनी विचारलं नाही. मी ओणवी झाले, खांद्यापर्यंत हात आत. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"उलटो फिरव. सावकाश. जोर नको. सोडून दी बोटांवर... टक झाला?"

"नाही."

"परत."

तीनदा, चारदा, दहादा. माझे हात खडूला सरावलेले. पाठ मोडून आली. आणि मग एकदम बोटांच्या टोकांना जाणवलं. आवाज म्हणावा असा आवाजही नाही. आत कुठेतरी काहीतरी आपल्या जागी उतरलं.

मी काही बोलायच्या आधीच मेस्त्री म्हणाले, "झाला. तुझ्या तोंडार दिसला. आता सुलटो फिरव, गो बाय."

इतक्या वर्षांत ते मला बाईनू आणि तुमी म्हणत आले होते. त्या दिवसापासून मी त्यांची 'गो बाय' झाले. ते मला किती आवडलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, इथे सांगते.

तेल भरून झालं, इंजिन चालू झालं, स्टेअरिंग दोन्ही टोकांना गेलं. खाली पुठ्ठा सरकवला होता, तो कोरडा राहिला. तेवढ्यात काकी चहा घेऊन खिंडीतून आल्या. मेस्त्रींनी एक घोट घेतला आणि थांबले. काकींकडे पाहिलं. काकी त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या, पदर खोचून. चहात साखरेचा कणही नव्हता. मेस्त्रींनी मान तिरकी केली नाही, कप रिकामा केला.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी त्यांना त्याच गाडीतून कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. काकी मागे बसल्या होत्या. वाटेत मी मेस्त्रींना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, "लाकूड आधी ओरडतं म्हणून मला शिकवता, आणि स्वतः वर्षभर चिऱ्यासारखे गप्प?"

मेस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लाकडाक बायल नसता."

मागून काकींनी त्यांच्या खांद्यावर चापट मारली. रडत होत्या की हसत होत्या, आरशात नीट दिसलं नाही. दोन्ही असावं.

साखर भयंकर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चपला काढायला सांगितल्या, तेव्हा डाव्या टाचेला एक जखम सापडली. चपलेतला खिळा कधीपासून टोचत होता, मेस्त्रींना पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण आणखी महिना गेला असता तर मी हे म्हणू शकलो नसतो. बोटांची जाणीव परत येईल का, असं मेस्त्रींनी दोनदा विचारलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. परतताना कसालच्या नाक्यावर गाडी वळली तेव्हा मेस्त्री एवढंच म्हणाले, "कण्हना नाय. बरा वळला."

पाय वाचला. पाने काकी जप्त करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी माझ्या खळ्यात एक खुर्ची आणून ठेवली. त्यानंतर तीनेक वर्षं रविवारी सकाळी तिथे कोणाची ना कोणाची गाडी उभी असे. मेस्त्री खुर्चीत, पायात काकींनी सक्तीने घातलेले मोजे. गाऱ्हाणं त्यांचं, बोटं माझी. शाळेतल्या मुलांचे पालक आपल्या गाडीखाली विज्ञानाच्या बाई झोपलेल्या बघून आधी बिचकत, मग सरावले. मासळीवाल्या चाचांनी तर पहिल्याच दिवशी आमीन म्हणून टाकलं. नट लावायची वेळ आली की सगळं खळं गप्प होई आणि मेस्त्री पुढे झुकून विचारत, "टक झाला?" मी "झाला" म्हटलं की मागे टेकत. गडग्यापलीकडे काकी भांडी घासत असोत की सोलं वाळत घालत असोत, त्यांचाही हात तेवढ्यापुरता थांबे. विचारायला आलेल्या प्रत्येकाला मेस्त्री आपण होऊन सांगत, "माका कळना नाय आता. हिका कळता." लपवणं त्यांनी सोडलं होतं, आणि त्यामुळे ते मला पूर्वीपेक्षा उंच वाटू लागले होते.

मागच्या चतुर्थीनंतर ते गेले. सकाळी चहा घेतला, बिनसाखरेचा, आणि ओसरीवरच्या खांबाला टेकून बसले ते बसलेच. काकींनी खुर्ची माझ्या खळ्यातून परत नेली नाही आणि मीही ती उचलली नाही.

या उन्हाळ्यात गाडी पुन्हा कण्हू लागली. मी पुठ्ठा सरकवला. सकाळी लालसर डाग. बोट बुडवून चोळलं, चिकट, बारीक. तोच जाड पाइप, खाऱ्या हवेने पुन्हा खाल्लेला. कुडाळहून नवा आणला. फणसाचे ओंडके आणले. सगळं मांडून झालं, आणि मी बॉनेटसमोर नुसतीच उभी राहिले.

गाऱ्हाणं मी कधी घातलं नव्हतं. मला फक्त दुजोरा द्यायचा माहीत होता. शिवाय आता दुजोरा कोण देणार? विज्ञान शिकवणाऱ्या बाईने रिकाम्या खळ्यात एकटीने बोलायचं, म्हणजे बघणाऱ्याने काय म्हणावं? पण हात बॉनेटवर गेला आणि तो काढवेना. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हलक्या आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

गडग्यापलीकडून. काकी दोरीजवळ उभ्या होत्या, हातात ओलं लुगडं. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मग मी मोठ्याने घातलं. पुस्तकी मराठीतच, जसं येईल तसं. बारा गावांनंतर येशी की वहिवाटी हे विसरले. गाडी गळते आहे ते सांगितलं. ज्यांनी हे शिकवलं ते नाहीत, हेही सांगितलं. त्यांची फार आठवण येते, हे सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. प्रत्येक वाक्यामागे पलीकडून 'होय म्हाराजा' येत होतं, माझ्यापेक्षा जोरात.

जुना पाइप काढला. नवा घेऊन ओणवी झाले, खांद्यापर्यंत हात आत, नट दोन बोटांत. उलटा फिरवला. सावकाश. काही नाही. पुन्हा. काही नाही. खुर्ची बाजूलाच रिकामी होती आणि खळं नेहमीसारखं गप्प झालं होतं. दोरीवर कपडे झटकल्याचा आवाजही थांबला होता.

"टक झाला?" काकींनी विचारलं.

मी पुन्हा उलटा फिरवला. आणि बोटांना कळलं.

"झाला गो काकी," मी म्हटलं.

पलीकडे लुगडं झटकल्याचा आवाज आला. मी नट सुलटा फिरवायला घेतला.